जमिनीखालच्या भिंतीची परीक्षा

मराठवाड्यातून विदर्भात ये-जा करणाऱ्याला वारंगा फाटा हे नाव पाठ असते. नांदेडहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक वाट बाळापूर-कळमनुरीवरून हिंगोलीकडे वळते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे जाते. फाटा म्हटला की हॉटेले आली, धाबे आले, पंक्चरची दुकाने, गाड्या धुण्याच्या जागा आल्या आणि या सगळ्यांना लागणारे पाणी आले. महामार्गावरच्या अशा वस्तीचे पाणी बरेचसे जमिनीखालून येते आणि वापरून झालेले पाणी पुन्हा जमिनीखालीच जाते. बोअर आणि शोषखड्डा यांच्यात कधी कधी एका भिंतीचेच अंतर असते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही अगदी वेगळे दिसतात. खाली खडकात त्यांना वेगळे ठेवणारे काही आहे का, हे मात्र वरून दिसत नाही.

राज्यात गावोगावच्या पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होते, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. विहिरीभोवती डबके आहे का, ओट्याला तडे गेलेत का, जलवाहिनी गळते का, टीसीएल पावडरचा साठा आहे का, असे त्यात पाहिले जाते. पद्धत चांगली आहे. तिच्यामुळे ग्रामपंचायती आणि जलसुरक्षक निदान वर्षातून दोनदा तरी स्रोताकडे वळून पाहतात. पण या यादीतल्या बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. पाण्याचा खरा प्रवास होतो तो त्या ओट्याच्या खाली, आणि तिथल्या बांधकामाची तपासणी करायची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

हिंगोली जिल्हा दख्खनच्या काळ्या दगडावर वसला आहे. राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भागाखाली हाच बेसॉल्ट आहे. वाळूच्या थरात पाणी स्पंजासारखे भरून राहते. काळ्या पाषाणात तसे होत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा फुटलेला खडक, मधला मांजऱ्या, दोन लाव्हाथरांच्या सांध्यातला तांबडा थर आणि घट्ट पाषाणातल्या भेगा एवढ्यांतच ते साठते. म्हणून एकाच्या बोअरला दोन इंच पाणी लागते आणि पन्नास फुटांवरच्या शेजाऱ्याचे बोअर कोरडे जाते. वाळूतून झिरपताना पाणी काही प्रमाणात गाळले जाते, जंतू अडकतात, मरतात. भेगेतून जाणाऱ्या पाण्याला असा गाळ लागत नाही. मोकळी भेग म्हणजे जमिनीखालचा पाइपच. शोषखड्ड्यातले पाणी तिला लागले, तर ते बोअरपर्यंत पोहोचायला महिने लागतीलच असे नाही.

म्हणून जमिनीखाली सील लागते, म्हणजे नको ते पाणी अडवणारा बंद. बोअर घेताना केसिंगचा पाइप मुरमातून खाली पक्क्या खडकापर्यंत उतरवतात. पाइप आणि भोकाची कड यांच्यात एक पोकळी उरते. ती सिमेंटच्या पातळ मिश्रणाने किंवा पाण्यात फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीने खालून वरपर्यंत भरली, तर वरचे घाण पाणी पाइपाच्या कडेने खाली उतरत नाही. प्रत्यक्षात ती पोकळी बहुतेक वेळा भोकातून निघालेल्या मुरमानेच बुजवली जाते. बोअरची गाडी रात्री येते, पहाटेच्या आत पुढच्या गावाला जाते. तिचे बिल फुटावर आणि केसिंगवर निघते, सीलवर निघत नाही. उघड्या बोअरमध्ये लहान मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जे निर्देश दिले, त्यांत केसिंगभोवती सिमेंट-काँक्रीटचा ओटा बांधणे बंधनकारक केले. तो जमिनीच्या वर ३० सेंटीमीटर आणि खाली ३० सेंटीमीटर. हेतू मुलांचे जीव वाचवण्याचा होता आणि त्यासाठी एवढे पुरेसे आहे. पाणी वाचवायला मात्र एक फूट खोलीचा ओटा फार अपुरा पडतो.

दुसरे सील आपल्याकडे सरकारच बांधते, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने टंचाईग्रस्त गावांसाठी ज्या अपारंपरिक उपाययोजना रूढ केल्या, त्यांत जॅकेट वेल, बोअर ब्लास्ट आणि स्ट्रीम ब्लास्टबरोबर फ्रॅक्चर सील सिमेंटेशन हा एक प्रकार आहे. नाल्याकाठी गावाची पाणीपुरवठ्याची विहीर असते. पावसाळ्यात ती तुडुंब भरते, पण दिवाळीनंतर झपाट्याने उतरते. उपसा फार नसतानाही पाणी जाते, कारण ते खडकातल्या भेगांतून नाल्याच्या उताराने पुढे निघून जाते. अशा ठिकाणी विहिरीच्या खालच्या अंगाला, नाल्याला आडवी, ओळीने भोके पाडतात आणि त्यांतून दाबाने सिमेंट सोडतात. सिमेंट भेगांत शिरते, घट्ट होते आणि जमिनीखाली एक पडदा तयार होतो. थर मऊ असला तर त्याऐवजी भूमिगत बंधारा घालतात. ना जमीन बुडते, ना बाष्पीभवनाने पाणी उडते, ना कोणाला विस्थापित व्हावे लागते. कल्पना उत्तम आहे आणि आपल्याच खडकाला साजेशी आहे.

पण सिमेंट नेमके कुठे गेले, हे कसे कळणार? गोणी मोजून कळत नाही. शंभर गोण्या एकाच मोठ्या पोकळीत जिरल्या आणि शेजारची भेग उघडीच राहिली, असे होऊ शकते. इथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम फार निर्दयी आहे. भेगेतून वाहणारे पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट, तिप्पट झाली की सत्तावीसपट. समजा एका नाल्याखाली दहा भेगा आहेत. नऊ भेगा प्रत्येकी एक मिलिमीटरच्या आणि एक तीन मिलिमीटरची. नऊ बारीक भेगांतून मिळून नऊ भाग पाणी जाईल, एकट्या मोठ्या भेगेतून सत्तावीस भाग. आता नऊच्या नऊ बारीक भेगा उत्तम बुजल्या आणि मोठी तेवढी हुकली, तर काम नव्वद टक्के झाले असे कागदावर लिहिता येईल. पाणी मात्र पूर्वीच्या तीन-चतुर्थांश वाहतच राहील. गावाला उन्हाळ्यात टँकर लागेल आणि लोक म्हणतील, सिमेंट खाल्ले. प्रत्येक वेळी ते खाल्लेलेच असते असे नाही. कधी कधी ते फक्त चुकीच्या भेगेत गेलेले असते. दोन्हींतला फरक चाचणीशिवाय कळत नाही, आणि चाचणी झाली नाही की प्रामाणिक ठेकेदार आणि लबाड ठेकेदार एकाच रांगेत उभे राहतात.

जमिनीखालच्या भिंतीची परीक्षा कशी घ्यायची, याचा एक धडा अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मिळतो. तिथल्या पिसिआन्स खोऱ्यात ऑइल शेल नावाचा खडक आहे. त्यात तेल नसते, तेल बनण्याआधीचा केरोजेन हा सेंद्रिय पदार्थ असतो. खडक जागेवरच वर्षानुवर्षे तापवला तर त्याचे तेल आणि वायू होतात. अडचण भूजलाची होती. बाहेरचे पाणी आत आले तर उष्णता वाया जाणार आणि आतली रसायने बाहेर गेली तर खोऱ्याचे पाणी नासणार. शेल या कंपनीने त्यावर गोठवलेल्या भिंतीचा उपाय योजला. जागेभोवती जवळजवळ भोके घ्यायची, त्यांत शीतक फिरवायचे आणि खडकातलेच पाणी गोठवून बर्फाचा पडदा उभा करायचा. २००० नंतरच्या दशकात कंपनीने रिओ ब्लँको परगण्यात सुमारे दीडशे भोकांची अशी भिंत केवळ चाचणीसाठी उभारली. तेल काढणे हा त्या चाचणीचा भाग नव्हता, आतला खडक तापवायचाही नव्हता. भिंत बंद झाली का, आतली आणि बाहेरची पाणीपातळी वेगवेगळी राहते का, मुद्दाम भगदाड पाडले तर ते ओळखता आणि दुरुस्त करता येते का, एवढेच पाहायचे होते. पुढे २०१३ मध्ये कंपनीने कोलोरॅडोतला ऑइल शेलचा उद्योगच गुंडाळला. तेल हाती लागले नाही, पण भिंत आधी तपासायची, तीही फोडून पाहायची, ही शिस्त लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जपानमधल्या फुकुशिमाला एवढी सवड नव्हती. तिथे अपघातग्रस्त अणुभट्ट्यांच्या इमारतींत रोज भूजल शिरत होते आणि किरणोत्सारी होत होते. सुमारे दीड किलोमीटर लांबीची, ३० मीटर खोलीची हिमभिंत दीड हजारांहून अधिक नळ्यांच्या साहाय्याने उभारण्यात आली आणि मार्च २०१६ मध्ये ती गोठवायला सुरुवात झाली. सुमारे साडेचौतीस अब्ज येन खर्च झाला. दोन वर्षांनी कंपनीने हिशेब मांडला की केवळ या भिंतीमुळे रोज सुमारे ९५ टन दूषित पाणी कमी झाले. टीकाकारांनी हा आकडा खर्चाच्या मानाने तोकडा ठरवला. वाद होऊ शकला, कारण आकडा होता. भिंतीच्या दोन्ही अंगांना विहिरी होत्या, तापमान आणि पातळी मोजली जात होती. उपसा विहिरींचा वाटा किती आणि भिंतीचा किती, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न झाला होता.

आपल्या नाल्यावरच्या पडद्याला हिमभिंतीचा खर्च नको आणि तिची यंत्रेही नकोत. धरणाच्या पायात ग्राऊटिंग करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला ल्युजाँ चाचणी माहीत असते. स्विस भूशास्त्रज्ञ मॉरिस ल्युजाँ यांनी १९३३ मध्ये ती मांडली. भोकाचा एक भाग दोन्हीकडून बंद करायचा, दाबाने पाणी सोडायचे आणि दर मीटर खोलीला मिनिटाला किती लिटर पाणी खडकात शिरते ते मोजायचे. सिमेंट सोडण्याआधी एकदा, सोडल्यानंतर शेजारी नवे भोक घेऊन पुन्हा एकदा. महाराष्ट्रात एवढी धरणे झाली, त्यामुळे हे ज्ञान कुठून आयात करायचे नाही. जलसंपदा खात्यात जे रोजचे आहे, ते गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीला लावायचे आहे इतकेच.

त्याहून सोपी चाचणी दोरीची आहे. पडद्याच्या वरच्या अंगाला एक निरीक्षण भोक आणि खालच्या अंगाला एक. दोन्हींतली पातळी कामाआधी किमान एक वर्ष आणि नंतर काही वर्षे मोजत राहायची. पडदा धरला असेल तर वरची पातळी टिकेल, खालची उतरेल आणि दोन्हींतला फरक उन्हाळ्यात वाढत जाईल. दोन्ही पूर्वीसारख्याच एकत्र उतरल्या, तर पडद्यात खिंडार आहे. कुठे आहे हे शोधायला वरच्या भोकात थोडे मीठ विरघळवून सोडता येते आणि खालच्या भोकांत पाण्याची विद्युतवाहकता तपासता येते. ती कोणत्या भोकात आणि किती दिवसांनी वाढली, यावरून वाट सापडते. हे मीटर खिशात मावते. गावातल्या विज्ञान शाखेच्या पोरांना एका दुपारी शिकवता येईल असे हे काम आहे.

इथवर प्रश्न पाण्याच्या प्रमाणाचा झाला. आरोग्याचा प्रश्न पुढे सुरू होतो, आणि या उपाययोजनांच्या चर्चेत तोच सर्वांत कमी ऐकू येतो. पडदा पाणी अडवतो, तसे पाण्यात विरघळलेलेही अडवतो. नाल्याच्या उताराने वाहून जाणारे भूजल गावची घाण थोडी थोडी पुढे नेत असते. वाट बंद केली की ते धुणे थांबते. वर हळदीचे किंवा केळीचे रान असेल, युरियाचा मारा असेल, वस्तीचे शोषखड्डे असतील, तर नायट्रेट पडद्यामागे साचत जाऊ शकते. उलटही घडू शकते. अडलेले पावसाचे ताजे पाणी जास्त असेल तर नायट्रेट विरळ होईल. कोणते होईल ते त्या जागेवर अवलंबून आहे आणि बाटलीत नमुना घेऊनच कळणार आहे.

ही शंका हवेतली नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक निघाले, महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांवर होते. सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांच्या यादीत राज्यातले सात जिल्हे आहेत आणि त्यांत नांदेड आणि यवतमाळ ही नावे आहेत. वारंगा फाट्याहून फुटणारे रस्ते ज्या शेजाऱ्यांकडे जातात, तेच हे जिल्हे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे असे भारतीय मानक सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले, तर नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते. बाळ निळसर पडते. आईला वाटते, पाणी उकळून दिले म्हणजे झाले. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट थोडे दाटच होते. टीसीएलनेही ते जात नाही. म्हणजे जलसुरक्षकाने आपले काम चोख केले, विहिरीला हिरवे कार्ड मिळाले, तरी हा धोका जागच्या जागी राहू शकतो.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण द्यायचे ठरले. संचात नायट्रेटची तपासणी असते. पडद्याच्या कामाआधीचे नायट्रेट, पहिल्या पावसाळ्यानंतरचे आणि पहिल्या उन्हाळ्यातले, एवढे तीन आकडे त्यांनीच लिहून ठेवले आणि प्रयोगशाळेकडून एकदा पडताळून घेतले, तरी आज नसलेली नोंद तयार होईल. प्रशिक्षण घेतलेल्या बायांना असे नेमके काम दिले, तर संच कपाटात मुदतबाह्य होणार नाहीत.

आणखी एक बाजू आहे, ती गावच्या सभेत बोलायला अवघड. पडदा धरला, याचा अर्थ खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत येणारे पाणी कमी झाले. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हवा यात वाद नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियमाचाही रोख तोच आहे. पण ज्याची विहीर उतरली त्याने विचारले, माझे किती पाणी गेले, तर उत्तर असायला हवे. खालच्या अंगाची मोजणीच झाली नसेल, तर त्याच्याकडे संशय उरतो आणि ग्रामपंचायतीकडे हात झटकणे. पुढे तोच शेतकरी रात्री दोनशे फुटांचे बोअर घेतो आणि ते पडद्याच्या खालच्या थरातून गावाचे पाणी ओढायला लागते. सील सिमेंटचे असते, पण ते टिकते शेजाऱ्यांच्या समजुतीवर, आणि समजुतीला मोजमापाचा आधार लागतो.

हिंगोलीत या सगळ्याला एक स्थानिक जोड आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी जिल्हा ४.५ रिश्टरच्या धक्क्याने हादरला, पाठोपाठ ३.६ चा धक्का बसला. १० जुलैला पुन्हा ४.५ चा. त्याच्या कितीतरी आधीपासून वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेसारख्या गावांतले लोक जमिनीखालून येणाऱ्या गूढ आवाजांबद्दल सांगत आले आहेत. अशा धक्क्यांनी खडकातला सिमेंटचा पडदा तडकतोच असे म्हणता येणार नाही. पण सिमेंट ठिसूळ असते, खडक हलतो, आणि भेगेचा घनाचा नियम इथेही लागू होतो. धक्क्यानंतर घरांच्या भिंतींना गेलेले तडे पाहायला पंचनामा होतो. आधीची पातळी नोंदलेली असेल, तर जमिनीखालच्या भिंतीचा पंचनामाही एका दोरीने आठवड्यात होऊ शकतो.

भूजल यंत्रणा राज्यभर सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. राज्याच्या क्षेत्रफळाला भागले तर एका विहिरीच्या वाट्याला सुमारे ऐंशी चौरस किलोमीटर येतात. पाणलोटाचा अंदाज बांधायला हे ठीक आहे, एका नाल्यातल्या एका पडद्याची परीक्षा घ्यायला नाही. त्यासाठी यंत्रणेने नवा विभाग उघडण्याची गरज नाही. फ्रॅक्चर सील सिमेंटेशन आणि भूमिगत बंधाऱ्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात वर-खाली दोन निरीक्षण भोकांचा खर्च धरावा. कामाच्या आधीची आणि नंतरची ल्युजाँ चाचणी मोजमाप पुस्तकात नोंदवल्याशिवाय शेवटचे देयक काढू नये. सार्वजनिक पाणीपुरवठ्याचे नवे बोअर घेताना केसिंगमागची पोकळी सिमेंटने भरल्याची नोंद खोलीसह ठेवावी, आणि फाट्यावरच्या हॉटेल-धाब्यांना परवाना देताना बोअर आणि शोषखड्ड्याचे अंतर नकाशावर दाखवायला सांगावे. यातले काहीही नवे शास्त्र नाही.

मे महिन्यात यंत्रणेचे कर्मचारी दोरी आणि वही घेऊन पुन्हा निघतील. ज्या गावांत पडदे घातले आहेत, तिथे त्यांनी गावच्या विहिरीबरोबर नाल्याच्या खालच्या अंगाच्या एका विहिरीतही दोरी सोडावी. जलसुरक्षकाने तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नायट्रेटच्या आकड्याशेजारी लिहावा.